भुकेचा नेम चुकतोच



मी फौजेतला माणूस. शत्रूची रसद तोडायची, हा आमच्याकडचा जुना धडा. पण त्याची किंमत कोण मोजतं, हे १९४३च्या बंगालने दाखवलं. आज त्याचीच आठवण करायची आहे.

मार्च १९४२मध्ये रंगून पडलं. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. जपानी फौज बंगालच्या किनाऱ्यावर उतरेल या धास्तीने ब्रिटिश सरकारने ‘डिनायल’ धोरण आखलं, म्हणजे शत्रूच्या हाती काही लागू द्यायचं नाही. मिदनापूर, खुलना, बाकरगंज या किनारी जिल्ह्यांतला जादा ठरवलेला तांदूळ उचलला. दहाहून अधिक माणसं नेऊ शकणाऱ्या हजारो नावा काढून घेतल्या, कित्येक मोडल्या.

त्या नदीनाल्यांच्या मुलखात नाव म्हणजे आपली बैलगाडी. ती गेली की कोळ्याचं जाळं सुकतं, कुंभाराची मडकी बाजारात पोचत नाहीत, नदीपलीकडचं शेत पडीक राहतं.

ऑक्टोबर १९४२मध्ये मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपलं. युद्धखर्चाने महागाई भडकली, साठेबाजांचं फावलं. बाजारात तांदूळ असला तरी शेतमजुराच्या मजुरीत तो येईना. सरकारने दुष्काळ जाहीरसुद्धा केला नाही. चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख मृत्यू धरले; नंतरच्या अभ्यासकांचे काही अंदाज ३० लाखांच्याही पुढे जातात.

आणि जपानी फौज? ती त्या किनाऱ्यावर उतरलीच नाही.

ऑक्टोबर १९४३मध्ये व्हॉइसरॉय वेव्हेल यांनी लष्कराला कामाला लावलं, तेव्हा धान्य खेड्यांकडे जाऊ लागलं. म्हणजे ते पोचवणं अशक्य नव्हतं.

१९७७च्या जिनिव्हा पूरक कराराचं कलम ५४ सांगतं की युद्धात नागरिकांना उपाशी मारणं निषिद्ध आहे. भारत या करारात सामील नाही. व्हावा, असं माझं मत. पण त्यातही एक सूट आहे. आक्रमण परतवताना, आपल्या ताब्यातल्या आपल्याच भूमीवर, लष्करी निकड असेल तर धान्यसाठे नष्ट करता येतात. बंगालमध्ये सरकारने हीच निकड पुढे केली होती!

म्हणून नुसत्या कायद्यावर भागणार नाही. अशा हुकमावर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने विचारलं पाहिजे: उद्या इथली माणसं काय खाणार? उत्तर नसेल तर सही करू नये. आणि तुम्ही-आम्ही? वेढा कुणाचाही असो, झेंडा कुठलाही असो, नागरिकांचं धान्य अडवणाऱ्याला चूक म्हणायचं. ‘आपल्या’ बाजूने अडवलं तरीही.

जय हिंद.