घरांतील ध्वनि : गाणें आणि बोलपट

१९३१ सालीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ बोलूं लागला. त्याच वर्षीं इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन यांनीं दोन ध्वनिमार्गांच्या पद्धतीसाठीं पेटंटचा अर्ज केला. पडद्यावरील नट चाले, पण त्याचा आवाज एकाच जागेवरून येई, हें त्यांस खटकलें, असें सांगतात.

आज सोनईसारख्या गांवीं ध्वनिसंच घेणाऱ्या कुटुंबापुढें तोच प्रश्न निराळ्या रूपानें येतो. तंबोऱ्याचा नाद खरा उमटावा आणि चित्रपटांतील संवाद आजीबाईंसही कळावा.

पांच स्पीकर व एक सबवूफर असा संच चित्रपटास शोभतो. त्यांतील मधला स्पीकर मुख्यतः संवाद वाहतो. परंतु बहुतेक गाणीं दोनच मार्गांत मुद्रित असतात. म्हणून रक्कम बेताची असल्यास ती सहा ठिकाणीं न वांटतां दोन चांगल्या स्पीकरांवर खर्चावी. दोन्ही स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधला, कीं संवाद मधूनच आल्याचा भास होतो. बाजूस बसल्यास तो मोडतो. फरशीवर सतरंजी व खिडकीस जाड पडदा असल्यास घुमारा कमी होऊन शब्द सुटे ऐकूं येतात.

संच कोणताही असो. मधली जागा आजीबाईंसाठीं राखिली, तरच तो साऱ्या घराचा झाला.