कागद वाचताना रेडिओ बंद
बँकेचं इंग्रजी पत्र गटासाठी मराठीत लिहून काढताना मी गाणी लावायची. एकदा गाण्याच्या नादात व्याजापुढचे ‘घटत्या शिल्लकेवर’ हे दोन शब्दच राहून गेले. बैठकीत सगळ्यांनी हिशेब केला: 10,000 रुपयांवर 12 टक्क्यांनी वर्षाचे 1,200 रुपये व्याज. शेळीसाठी कर्ज घेणाऱ्या ताई म्हणाल्या, “नको बाई!” मूळ पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं, दरमहा समान हप्ता भरला तर व्याज साधारण 662 रुपयेच होतं.

गिरणीची घरघर मला चालते. गाण्यातले शब्द मात्र हातातल्या शब्दांत मिसळतात. म्हणून आता आधी रेडिओ बंद, मग कागद. लिहून झालं की दुसरीला मोठ्यानं वाचून दाखवायचं, आकडे दोघींनी ताडायचे. त्यानंतर गाणी खुशाल ऐका!