आमदारकी : वतन कीं विश्वास?



शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील मंडळींना अवर्षण म्हणजे काय, हें सांगावयास नको. घोड आणि भीमा यांच्या कांठीं ऊंस डोलतो. पण कांठ सोडून थोडें आंत गेलें कीं, तीच भूमि पावसाकडे डोळे लावून बसते. दौंडहून आगगाडीनें सोलापूरच्या वाटेस लागावें, कुर्डुवाडीस गाडी बदलावी, पंढरपूर मागें टाकावें, म्हणजे अशाच एका कोरड्या तालुक्यांत आपण पोंचतों. त्याचें नांव सांगोला. एकच माणूस पुष्कळ वर्षें आमदार राहणें लोकशाहीस हितकर कीं अहितकर, या प्रश्नाचा विचार करण्यास याहून चांगलें स्थळ नाहीं.

येथून गणपतराव देशमुख विधानसभेवर अकरा वेळां निवडून आले. जन्म १९२६ चा. पहिला विजय १९६२ चा आणि अकरावा २०१४ चा, म्हणजे वयाच्या ८८ व्या वर्षींचा. या अवधींत कितीएक सरकारें आलीं आणि गेलीं. गणपतरावांनीं शेतकरी कामगार पक्ष मात्र सोडला नाहीं. १९७८ आणि १९९९ सालीं मंत्रिपद लाभलें. उरलेला बहुतेक काळ विरोधी बाकांवरच गेला. एस. टी.च्या गाडीनें प्रवास करणारा आमदार, अशी त्यांची ख्याति होती. शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी त्यांच्याच पुढाकारानें उभी राहिली.

परंतु मला अधिक मोलाचे वाटतात ते त्यांचे दोन पराभव. १९७२ सालीं मतदारांनीं त्यांना घरीं बसविलें आणि १९७४ च्या पोटनिवडणुकींत परत बोलाविलें. १९९५ सालीं ते थोडक्या मतांनीं पुन्हां पडले. १९९९ सालीं पुन्हां निवडून आले. दोनही वेळां त्यांनीं ना पक्ष बदलला, ना मतदारसंघ.

यावर कोणी म्हणेल, एकानेंच इतकीं वर्षें जागा धरली, तर नव्यांनीं पुढें कसें यावें? आणि तरीही पाण्याचा प्रश्न पुरता कां सुटला नाहीं? आक्षेप रास्त आहे. विरोधी बाकांवरून सरकारास जाब विचारतां येतो. पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्याच कमरेला असते. दीर्घ सेवेचीही ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

मात्र जागा कोणाच्या मालकीची नव्हती, हें मतदारांनीं पुढेंही दाखविलें. २०१९ सालीं गणपतराव उभे राहिले नाहींत. त्यांचे नातू उभे राहिले आणि ७६८ मतांनीं पराभूत झाले. २०२४ सालीं दुसरे नातू विजयी झाले. ३० जुलै २०२१ रोजीं गणपतराव निवर्तले होते. तो विजय पाहण्यास ते नव्हते.

तेव्हां आपल्या आमदाराचीं वर्षें केवळ मोजूं नयेत. मतदार त्यास घरीं पाठवूं शकत होते काय, आणि घरीं बसविल्यावरही तो त्यांच्या दारीं येत राहिला काय, हें पाहावें. विश्वास आणि वतन यांतील भेद तेथेंच कळतो.