पाठ झालं की कळलं?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला तीन मिनिटं मिळाली आहेत, म्हणून एकच गोष्ट सांगतो. आपल्या विज्ञानाच्या सरांना ती सांगायची राहून गेली होती.

मी क्रूझ जहाजावर किचनमध्ये नोकरीला होतो. कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटावर आमचं जहाज लागायचं. बेट जेमतेम 87 चौरस किलोमीटरचं. उत्तरेचा भाग फ्रेंचांकडे, दक्षिणेचा डचांकडे. फिलिप्सबर्गच्या बाजारात सिंधी दुकानदार भेटले की हिंदी बोलून बरं वाटायचं.

तिथलं प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळ जगप्रसिद्ध आहे. धावपट्टी सुमारे 2300 मीटरची. तिच्या टोकाला कुंपण, मग अरुंद रस्ता आणि लगेच माहो बीच. उतरणारं विमान पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून जातं. वारा बहुतेक पूर्वेचा, त्यामुळे उड्डाणही याच टोकाकडून होतं आणि इंजिनांचा झोत थेट बीचवर येतो. धोक्याच्या पाट्या आहेत, तरी लोक मजा म्हणून जाळी धरून उभे राहतात.

2016 साली मीही धरली. सोबत रत्नागिरीचा एक पोरगा होता, पहिल्यांदाच घर सोडून आलेला. "दादा, मीपण धरू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "धर."

विमानानं जोर लावला. वाळू तोंडावर सपासप बसली. पोराचे हात सुटले आणि तो मागे रस्त्यावर आपटला. डोकं काँक्रीटच्या कठड्यापासून वीतभर लांब राहिलं. खरचटण्यावर निभावलं. आम्ही दोघं हसलोसुद्धा.

जुलै 2017 मध्ये त्याच जागी एक पर्यटक बाई झोतानं फेकल्या गेल्या आणि दगावल्या. बातमी वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. सप्टेंबरमध्ये इर्मा वादळानं टर्मिनलची दैना केली. पुढच्या वर्षी मी घरी निघालो तेव्हा प्रवाशांची सोय तंबूत होती. तिथे बसल्या बसल्याही माझा तो एक शब्दच कानात घुमत होता.

सर, तुम्ही फुगा सोडून न्यूटनचा तिसरा नियम दाखवला होता आणि विचारलं होतंत, "पाठ झालं की कळलं?" मी हात वर करून "कळलं" म्हणालो होतो. परीक्षेत पूर्ण गुणही मिळाले. पण "धर" म्हणताना तो फुगा आठवला नाही.

तो पोरगा आता दोन मुलांचा बाप आहे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. तेव्हाचं माझं उत्तर चुकलं होतं, सर. आज दुरुस्त करतो.