सरावासाठीं हॉकीची काठी



शाळेच्या हॉकीसंघांत मुलाची किंवा मुलीची निवड झाली म्हणजे घरांत आनंदाबरोबर एक लहानशी चिंताहि शिरते. काठी कोणती घ्यावी? दुकानांत काठ्यांची रांगच्या रांग उभी असते. एकीवर कार्बनचें प्रमाण छापलेलें असतें, दुसरीवर एखाद्या नामांकित खेळाडूची सही असते, आणि किंमती शेंकड्यांपासून कित्येक हजारांपर्यंत चढत गेलेल्या असतात. दुकानदार विचारतो, "मूल कोणत्या जागीं खेळतें? पुढें कीं बचावांत?" माझ्या मतें याच्या आधीं विचारण्याचा प्रश्न निराळा आहे. मूल कोठें खेळतें? सामन्याच्या मैदानावर तें आठवड्यांतून किती वेळ असतें, आणि बाकीचे दिवस काठी कोणत्या जमिनीवर घांसली जाते? आज आपणांशीं बोलावयाचें आहे तें या बाकीच्या दिवसांविषयीं आणि त्यांना साजेशा काठीविषयीं.

गोवंडीचेंच उदाहरण घेऊं. हार्बर मार्गावरील हें स्थानक. एका अंगास देवनार, दुसऱ्या अंगास शिवाजीनगर, बैंगणवाडी अशी दाट वस्ती. घरापुढें बोळ, इमारत असली तर फरसबंद अंगण, आणि नशीब चांगलें असलें तर जवळपास मुरुमाचें एखादें मोकळें पटांगण. मुंबईच्या हॉकीचें जुनें माहेरघर म्हणजे चर्चगेटजवळील मुंबई हॉकी असोसिएशनचें मैदान. तेथें कृत्रिम हिरवळ आहे. पण गोवंडीच्या मुलानें आधीं आगगाडीनें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस गांठावें, तेथून पुढें पायीं किंवा बसनें जावें, आणि तितकाच प्रवास करून परत यावें. शाळकरी मुलाला हें रोज कसें साधावें? अर्थात् त्याचा खरा सराव घराच्या पन्नास पावलांच्या आंत व्हावयाचा. मैदान दूर आहे म्हणून सराव थांबतां कामा नये; आणि तो थांबूं नये म्हणून काठी त्या पन्नास पावलांच्या जागेला मानवणारी हवी.

अशा सरावानें खेळाडू घडत नाहीं असें कोणी म्हणेल, तर त्याला उत्तर महाराष्ट्रांतच आहे. धनराज पिल्ले यांचें बालपण पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींत गेलें. वडील मैदानाची निगा राखीत. भावांच्या आणि मित्रांच्या संगतींत मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन धनराज तेथील मऊ, धुळीच्या जमिनीवर खेळत. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते मुंबईस आले. त्यांचे थोरले बंधु रमेश त्या वेळीं राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघांतून येथील साखळी स्पर्धेंत खेळत असत, आणि या कंपनीचा कारखाना चेंबूरला, म्हणजे गोवंडीच्या अगदीं शेजारीं आहे. पुढें धनराज चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा खेळले, आणि १९९८ सालीं बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाचे नायक झाले. मुलांच्या हातीं मोडक्या काठ्या द्याव्यात असा याचा अर्थ कोणीं करूं नये. मनगटाला जें वळण लागतें तें उत्तम मैदानाची वाट पाहत बसत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

बर्फावर हॉकी खेळणाऱ्या देशांतहि हाच प्रश्न दुसऱ्या रूपानें आहे. आपल्या लडाखमध्यें गोठलेल्या तळ्यांवर ही हॉकी खेळतात. बर्फ वर्षभर नसतो, म्हणून तेथील खेळाडू उरलेले महिने कोरड्या जमिनीवर सराव करतात. पायांत बर्फावर घसरण्याचे जोडे नसले म्हणजे खेळाडूची उंची दोनतीन इंचांनीं कमी होते, आणि बर्फावर बरोबर बसणारी काठी जमिनीवर लांब वाटूं लागते; म्हणून सरावाची काठी ते आखूड ठेवतात. शिवाय डांबरावर पातें झिजतें, म्हणून सामन्याची नवी काठी सहसा बाहेर काढीत नाहींत, जुनीच वापरतात. यांतून आपण दोन गोष्टी उचलाव्या. काठी अंगाला बेतशीर असावी, आणि खरखरीत जमिनीसाठीं निराळी असावी.

प्रथम अंगाचा बेत पाहूं. मुलाला पायांत खेळाचे बूट घालून सरळ उभें करावें, आणि काठी त्याच्या पायालगत जमिनीवर उभी धरावी. काठीचें वरचें टोंक कमरेच्या हाडाच्या जवळपास आलें, म्हणजे लांबी जमली. ठोकळ मानानें सांगावयाचें तर चार फूट उंचीच्या मुलाला अठ्ठावीस ते तीस इंचांची, साडेचार फुटांच्या मुलाला बत्तीस ते तेहतीस इंचांची आणि पांच फुटांच्या मुलाला पस्तीस इंचांच्या आसपासची काठी पुरते. प्रौढांत सर्वांत अधिक खपते ती साडेछत्तीस इंचांची. आपल्याकडे कपडा घेतांना "वाढत्या अंगाचा" घेण्याची चाल आहे. ती शिलाईंत शोभते. हॉकींत तिचें नुकसान फार. लांब काठी घेतलेलें मूल ताठ उभें राहतें, कोपर बाजूला फेंकतें आणि चेंडू पायापासून दूर ठेवतें. एकदां ही खोड जडली कीं पुढें योग्य काठी हातीं येऊनहि ती सुटत नाहीं.

आतां वजन. नियमाप्रमाणें काठीचें वजन ७३७ ग्रॅमपेक्षां अधिक नसावें. पण ही वरची मर्यादा आहे, शिफारस नव्हे. मोठ्या खेळाडूंच्या पुष्कळशा काठ्या ५३० ते ५६० ग्रॅमच्या आसपास असतात. मुलांना त्याहून बऱ्याच हलक्या हव्यात. परीक्षा सोपी आहे: मुलानें काठीची मूठ एकट्या डाव्या हातानें धरावी, हात पुढें करून काठी आडवी उचलावी आणि मनगट वळवून तिचा आंकडा उजवीकडून डावीकडे फिरवून दाखवावा. हात कांपला किंवा खांदा उचलला गेला तर ती काठी जड. कांहीं हौशी पालक मनगट बळकट व्हावें म्हणून काठीला वजन बांधतात. वाढत्या वयांत हें करूं नये. बळ येण्याआधीं मनगट दुखावलें जातें.

डावखुऱ्या मुलांच्या आईबापांना येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मैदानी हॉकींत डावखुऱ्यांची काठी म्हणून निराळी काठी नाहीं. काठीची सपाट बाजू डाव्या अंगासच असली पाहिजे असा नियम आहे, आणि डावा हात वर, उजवा हात खालीं, अशीच पकड सर्वांना घ्यावी लागते. यांत डावखुऱ्या मुलाचें नुकसान नाहीं. काठी फिरविण्याचें बहुतेक काम वरचा डावा हातच करतो, आणि तोच त्याचा चलाख हात असतो.

यानंतर काठीचा आकार. काठी सरळ दिसली तरी तिच्या दांड्याला किंचित् बाक असतो. हा बाक २५ मिलिमीटरहून अधिक नसावा, आणि सबंध काठी ५१ मिलिमीटर व्यासाच्या कड्यांतून पार झाली पाहिजे, असे नियम आहेत. बाक जितका खालीं, आंकड्याच्या जवळ, तितका चेंडू ओढून उंच फेंकणें सोपें जातें. म्हणून पेनल्टी कॉर्नर घेणारे मोठे खेळाडू तशी काठी पसंत करतात. पण शिकणाऱ्या मुलाचा चेंडू अशा काठीवरून नको तेव्हां उडतो. त्याला मध्यम बाकाची, दुकानांत साधी म्हणून मिळणारी काठीच हितावह. आंकडाहि मध्यम असावा. त्यावर चेंडू अडविणें, ढकलणें आणि वळविणें हीं तिन्ही कामें शिकतां येतात.

आंकड्याच्या बाबतींत आपल्या देशाचा एक अभिमान सांगण्याजोगा आहे. जुन्या इंग्रजी काठीचा आंकडा लांब असे. भारतीय कारागिरांनीं तुतीच्या लांकडाचा उपयोग केला. तें वाफेनें अधिक आंवळून वांकवितां येतें, म्हणून आंकडा आखूड झाला. आखूड आंकडा चेंडूवरून झटकन् उलटतो, आणि चेंडू या बाजूनें त्या बाजूस खेळवीत पुढें नेण्याची जी आपली खास कला, ती या आंकड्यानें खुलली. १९२८ ते १९५६ या काळांत भारतानें ओळीनें सहा ऑलिंपिक सुवर्णपदकें जिंकलीं, तीं अशाच लांकडी काठ्यांच्या युगांत. फाळणीपूर्वीं या धंद्याचें मोठें केंद्र सियालकोट होतें; १९४७ नंतर तेथील पुष्कळ कारागीर जालंदरला आले, आणि जालंदर व मीरत हीं आजहि काठ्यांचीं नांवाजलेलीं गांवें आहेत.

मग लांकडी काठी घ्यावी कीं कार्बनची? १९७६ सालच्या माँट्रियल ऑलिंपिकमध्यें प्रथमच कृत्रिम हिरवळीवर हॉकी खेळली गेली. त्या सपाट पृष्ठभागावर चेंडूचा वेग वाढला, आणि पुढें काचतंतु व कार्बन यांच्या काठ्या प्रचारांत आल्या. कार्बन जितका अधिक तितकी काठी कडक आणि फटका जोरदार. परंतु हा कडकपणा दुधारी आहे. येणारा चेंडू कडक काठीवर आपटून दूर उडतो आणि त्याचा हादरा हातांत शिरतो. लांकूड किंवा काचतंतु तो हादरा गिळतें आणि चेंडू काठीशीं थांबतो. चेंडू थांबविणें हा हॉकीचा पहिला धडा आहे, जोरदार फटका हा फार नंतरचा. म्हणून शिकणाऱ्यानें अधिक कार्बनच्या मागें लागूं नये. त्यांतून मुरूम आणि सिमेंट हे कार्बनचे वैरी. आंकड्याचा तळ घांसला जाऊन आंतले तंतु उघडे पडतात, आणि त्यांचीं बारीक कुसळें बोटांत शिरतात. लांकडी काठीहि झिजते, पण ती स्वस्तांत बदलतां येते. माझी शिफारस अशी: एकच काठी घेण्याची ऐपत असेल तर ती लांकडाची किंवा साध्या काचतंतूची घ्यावी, दोन घेतां येत असतील तर दुसरी केवळ हिरवळीसाठीं राखावी. मात्र दोहोंची लांबी आणि वजन जवळजवळ सारखें असावें, नाहींतर हाताची संवय मोडते.

जागेप्रमाणें चेंडूहि बदलावा. हॉकीचा खरा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा कठीण असतो. फरसबंद अंगणांत तो उसळून शेजाऱ्याच्या खिडकीवर किंवा खेळणाऱ्या लहान भावाच्या नडगीवर जातो. अशा जागीं टेनिसचा चेंडू वापरावा. तो हलका आणि उसळता असल्यामुळें हात अधिक मऊ ठेवावा लागतो, आणि हाच त्याचा गुण. काठी चेंडूसमोर भिंतीसारखी ताठ न धरतां किंचित् मागें घेत चेंडू झेलण्याची संवय त्यानें लवकर लागते. बंद जागेंत काठी खांद्यावर उगारून फटका मारण्यास मुलांना साफ मनाई असावी. घरांत खेळल्या जाणाऱ्या हॉकींतहि फटका निषिद्धच आहे. चेंडू फक्त ढकलावयाचा असतो.

आतां पन्नास पावलांच्या जागेंत करावयाचें काय? दोन पावलें रुंद जागा पुरे. खडूनें दोन रेघा ओढाव्या, आणि चेंडू एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत काठी उलटसुलट फिरवीत न्यावा. नजर मधूनमधून वर उचलावी. उजवा हात सैल, डावा हात फिरता. मग भिंतीवर चेंडू ढकलून परत आलेला अलगद थांबवावा. रोज पंधरा मिनिटें एवढें केलें तरी वर्षाकाठीं शेंकडों वेळां मैदानावर गेल्याइतका चेंडूशीं परिचय होतो. मेजर ध्यानचंद चांदण्यांत सराव करीत असत अशी आख्यायिका आहे. गोवंडीच्या बोळांत चांदण्याऐवजीं रस्त्यावरचा दिवा असेल, एवढाच फरक.

मुंबईच्या पावसाळ्याची काळजी मात्र घेतली पाहिजे. लांकडी काठी भिजली तर पुसून सावलींत उभी ठेवावी. उन्हांत किंवा चुलीजवळ वाळवूं नये, नाहींतर ती तडकते. आंकड्याच्या तळाला चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावे आणि ते झिजतांच बदलावे. मुठीची गुंडाळी घामानें गुळगुळीत झाली तर नवी घालावी. निसटत्या मुठीला मूल घट्ट आंवळतें आणि मनगट फिरावयाचें थांबतें. काठीला चीर गेली तर मात्र ती माया न धरतां बाद करावी. चिरलेल्या काठीचा तुकडा उडून डोळ्याला इजा होऊं शकते.

शेवटीं पैशांविषयीं दोन शब्द. गोवंडीसारख्या वस्तींत काठीची किंमत म्हणजे कांहीं दिवसांची मजुरी असते, आणि सुखवस्तु घरांतहि ती विचार करण्याजोगी असते. महाग काठी घरीं आली कीं बहुधा ती खराब होईल या भीतीनें कपाटांत जाते, आणि मूल सामन्याच्या दिवशींच तिला हात लावतें. साधी काठी दाराआड उभी असते. शाळेंतून येतांच मूल ती उचलतें आणि अंगणांत जातें. या दोहोंपैकीं कोणती काठी मुलाला खेळाडू करील हें मीं सांगावयास नको. तेव्हां दुकानांत जातांना मुलाला बरोबर न्यावें, त्याच्या कमरेचें माप घ्यावें, मनगटाची परीक्षा करावी, आणि तें रोज जेथें उभें राहणार ती जमीन डोळ्यांपुढें ठेवून काठी निवडावी. आपल्या घरांत धाकट्याच्या हातीं न लागलेली, थोरल्याला आखूड झालेली काठी पडून असेल, तर ती जवळच्या शाळेस द्यावी. तिची वाट पाहणारा कोणी तरी तेथें नक्कीच असेल.