चेंडू चालतो, चहा चालत नाही
(मासवण येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला होता जॅकी रॉबिन्सनचा. 15 एप्रिल 1947 रोजी हा काळा खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधली साठेक वर्षांची वर्णबंदी मोडली. मोठा माणूस, वादच नाही. पण त्याच्या पन्नास वर्षं आधी आपल्या पुण्या-मुंबईत एका माणसाने हेच केलं, आणि त्याचं नाव आपल्या पोरांना ठाऊक नाही. म्हणून आज मी पाळवणकर बाळूंवर बोलणार आहे.

जन्म 1876, धारवाडचा. घराणं कोकणातलं, चर्मकार समाजाचं. वडील लष्करात नोकरीला, म्हणून मुलं पुण्यात वाढली. बाळू आणि धाकटा शिवराम साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर खेळायला शिकले. पुढे बाळूंना पारशांच्या क्लबात काम मिळालं, महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते गोऱ्यांच्या क्लबात गेले, पगार चार रुपये.

काम काय? तुमच्याकडे भातकापणी झाली की खाचरात पिच करतात. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याने रेघा मारायच्या. हे करणाऱ्या पोराला संध्याकाळी मॅचमध्ये घेतातच असं नाही, हे इथल्या मागच्या रांगेतल्या मंडळींना मी सांगायला नको. बाळूंचं काम तेच, शिवाय नेट बांधायचं. एका साहेबाने सहज म्हणून त्यांना चेंडू टाकायला लावला. डावा हात, मंद फिरकी, टप्पा जागचा हलत नाही. मग तिथला नावाजलेला फलंदाज जे. जी. ग्रेग रोज लवकर येऊन त्यांच्या चेंडूंवर सराव करू लागला. बाद केलंस की आठ आणे, असा त्याचा सौदा होता म्हणतात. गंमत बघा, एवढी वर्षं चेंडू टाकून घेतले, पण बॅट कधी हातात दिली नाही. बॅट चालवायची साहेबाने, चेंडू आणून द्यायचा नोकराने!

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यायचं की नाही यावर संघात वाद झाला. शेवटी घेतलं. पण चहाच्या वेळी सगळे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पीत, बाळूंना तो बाहेर, पिऊन फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवायची ताटली वेगळी. तोंड धुवायचं पाणीसुद्धा त्यांच्यासारखाच ‘अस्पृश्य’ नोकर आणून देई. आणि थोड्या वेळाने तोच चेंडू बाळूंच्या हातून कप्तानाच्या हातात जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कारण चेंडू लागत होता.

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची धास्ती घेऊन आठवडाभर खेळपट्टी रोलरने घोटून ठेवली. बाळूंनी तरी सात गडी काढले. परत आल्यावर पुण्यात सत्कार झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे विचारलं, याच्याबरोबर खेळता, मग जेवता का नाही? टिळकांनीही हार घातला. मला यात रानड्यांचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. हार संध्याकाळी सुकतो.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईत आले. हिंदू जिमखान्यात पुन्हा तीच कुरकुर, पण कप्तान कीर्तिकरांनी त्यांना घेतलंच. पुढे नोकरी मिळाली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत. म्हणजे आपलीच लाइन, पालघर-बोईसरवरून जाणारी, 1951 पासून पश्चिम रेल्वे म्हणतात ती. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदूंनी गोऱ्यांना 109 धावांनी हरवलं. त्यात बाळू होते, शिवरामही होते. एव्हाना या दोघांना आत बसवून चहाही मिळू लागला होता.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ 23 सामने खेळला आणि त्यातले बरेच हरला. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र 114 गडी टिपले, सरासरी 18.84. मुंबईत झालेल्या सत्काराचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं, असं सांगतात.

आता माझं म्हणणं. गुणापुढे जात हरली, अशी ही गोष्ट सांगतात. मला ते पटत नाही. गरज होती तेवढीच रेघ मागे सरकली. चेंडू हवा होता, म्हणून मैदानात घेतलं. जिंकल्यावर चहा दिला. कप्तानपद? ते कधीच नाही. वर्षामागून वर्षं ते वरच्या जातीच्या खेळाडूकडे गेलं. 1913 चे कप्तान एम. डी. पै स्वतः म्हणाले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. म्हणाले, आणि कप्तान राहिले.

ती रेघ हलली 1920 ला, पुण्यात झालेल्या, गोरे, पारशी, हिंदू आणि मुसलमान यांच्या चौरंगी स्पर्धेत, आणि हलवली ती गोलंदाजीने नव्हे, संपाने. बाळूंना संघातून वगळलं होतं. पै आजारी पडल्यावर नेतृत्व बाळूंचे भाऊ विठ्ठल यांना न देता वरच्या जातीच्या देवधरांकडे दिलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी निवेदन देऊन सरळ अंग काढून घेतलं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. पुढच्या सामन्याला दोघे भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यात चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी हिंदू संघ चालवला. 1923 ला विठ्ठल रीतसर कप्तान झाले, आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. रॉबिन्सनच्या पाठीशी निदान ब्रँच रिकीसारखा क्लबचा मालक-व्यवस्थापक योजना आखून उभा होता. बाळूंच्या पाठीशी त्यांचे भाऊच.

एक गोष्ट गौरवाच्या भाषणांतून हटकून गाळली जाते, ती मी सांगतो. 1932 ला दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू आंबेडकरांच्या नव्हे, गांधींच्या बाजूला होते. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट आंबेडकरांसमोर उभं केलं. आंबेडकरांना 13,245 मतं, बाळूंना 11,225. मला बाळूंची ती बाजू पटत नाही. पण कळते. आयुष्यभर त्यांनी एकाच संघात राहून जागा मागितली होती, वेगळा संघ काढायचा विचार त्यांच्या वळणातच नव्हता. आंबेडकरांनी मात्र तोवर ओळखलं होतं की बारावा खेळाडू म्हणून बाहेर बसवायची सवय असलेल्यांकडे जागा मागून भागत नाही. यातलं कोण बरोबर, यावर वाद घालायला आता आपल्याकडे वेळ आहे. प्रश्न विचारा.