श्रोत्यांचे गाव
(हीरक महोत्सवाच्या सांगता समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा कार्यवाहांनी नुकताच घेतला आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. ज्या मातीत ही शाळा रुजली त्या धारवाडविषयी, आणि विशेषतः साधनकेरीच्या अंगाला वसलेल्या आपल्या या लहानशा उपनगराविषयी मला बोलायचे आहे. शाळा चार भिंतींच्या आत जे शिकवते, त्याला अर्थ देण्याचे काम भोवतालची वस्ती करीत असते.

धारवाड म्हणजे मलनाडाची झाडी आणि पूर्वेकडचे उघडे माळ यांच्या सीमेवरचे गाव. येथे १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, १९१७ मध्ये कर्नाटक कॉलेज सुरू झाले. १९४९ साली मुंबईत स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ पुढच्याच वर्षी धारवाडला आले. ‘छोटा महाबळेश्वर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर आज ते उभे आहे. प्राध्यापक, ग्रंथपाल, कारकून, विद्यार्थी अशी मंडळी गावाच्या कडेकडेने राहू लागली. कौलारू घर, पुढे पडवी, परसात पेरूचे झाड, आणि संध्याकाळी पडवीत चार माणसे, असे या वस्त्यांचे रूप आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल.

याच साधनकेरीत द. रा. बेंद्रे राहत. त्यांची मातृभाषा मराठी. पण ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने त्यांनी जी कविता लिहिली, तिने त्यांना कन्नडचे वरकवी केले. साधनकेरीला येण्याचे निमंत्रण देणारी त्यांची कविता आजही कन्नड घरांतून गायिली जाते. मात्र हे एकट्याने घडले नाही. १९२२ साली त्यांच्याभोवती ‘गेळेयर गुंपु’, म्हणजे मित्रांचे मंडळ, जमले. नवी कविता ऐकायला, तिच्यावर वाद घालायला आणि प्रसंगी ती छापायला माणसे होती. कवीला ऐकून घेणारे मित्र मिळाले, हे त्या कवितेचे पहिले भाग्य.

संगीताची कथाही अशीच आहे. सतारिये रहिमत खाँ इंदूरहून येथे आले आणि धारवाडचेच झाले. त्यांच्या घराण्यात पुढच्या पिढ्यांनीही याच गावात सतार वाजवली आणि शिकवली. पंडित मल्लिकार्जुन मन्सूर जवळच्या मन्सूर गावचे. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे त्यांनी ग्वाल्हेरची तालीम घेतली आणि मग अल्लादिया खाँसाहेबांच्या पुत्रांकडून, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडून, जयपूर-अत्रौलीची विद्या आत्मसात केली. साऱ्या देशात नाव झाल्यावरही त्यांनी आपले बिऱ्हाड धारवाडहून हलवले नाही. विद्यापीठाने त्यांना संगीत विभागात मानाने बोलावले. ‘मृत्युंजय’ हे त्यांचे घर आज स्मारक आहे. कन्नड वचने ते ज्या तन्मयतेने गात, त्याच तन्मयतेने जयपूर घराण्याचे अनवट राग मांडत. असे राग मांडायचे तर समोर ते पेलणारा श्रोता लागतो. तो श्रोता येथल्या शाळामास्तरांत होता, वकिलांत होता, टपाल कचेरीतल्या कारकुनात होता.

आणि जी. ए. कुलकर्णी! मराठी कथेला वेगळी खोली देणारा हा लेखक धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असे. सभा, सत्कार, व्यासपीठ यांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. गावाने त्यांचा एकान्त मोडला नाही, हेही कलेवरचे प्रेमच. गायकाला गर्दी हवी असते, लेखकाला कधी कधी बंद दार हवे असते. शहाण्या शेजाऱ्याला हा भेद कळतो.

एक योगायोग मी दरवर्षी दहावीच्या मुलांना आवर्जून सांगते. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार बेंद्रे यांच्या ‘नाकु तंती’ या कन्नड काव्यसंग्रहाला मिळाला आणि त्याच १९७३ सालचा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’ला जाहीर झाला. एक गाव, एक वर्ष, दोन भाषा. मराठी घरातला कवी कन्नडमध्ये लिहितो आणि कन्नड मुलुखात राहून दुसरा मराठी कथा लिहितो, यात येथे कुणाला विसंगती वाटली नाही.

मित्रहो, अभिमानाने सांगण्यासारखे हे सारे आहे. पण अभिमानावर शाळा चालत नाही. गेली काही वर्षे पहिलीच्या वर्गातली बाके रिकामी राहत आहेत. कौलारू घरे पाडून तेथे सदनिका उभ्या राहत आहेत. पडवी गेली, तिच्याबरोबर पडवीतली बैठकही गेली. प्रवेशाच्या दिवसांत पालक मला सरळ विचारतात, ‘बाई, कर्नाटकात राहून मुलाला मराठी माध्यमात घालून त्याचा काय फायदा?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याला भावनेच्या भरात उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

माझे उत्तर असे आहे. घरची भाषा ज्याला पक्की येते, त्याचा कान तयार होतो, आणि तयार कान दुसरी भाषा लवकर आपलीशी करतो. बेंद्रे हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. मात्र याची दुसरी बाजूही आपण स्वीकारली पाहिजे. ज्या मराठी शाळेतून मुलगा अडखळत कन्नड बोलत बाहेर पडतो, ती शाळा या गावाचे ऋण फेडीत नाही. म्हणून येत्या वर्षापासून पाचवीच्या पुढच्या प्रत्येक वर्गात आठवड्यातून एक तास मराठी आणि कन्नड कवितेच्या एकत्र वाचनाचा असेल. कन्नड आणि मराठीचे शिक्षक तो मिळून घेतील. या तासाला परीक्षा नाही आणि गुणही नाहीत.

पालकांना माझी एक विनंती आहे. महिन्यातून एकदा मुलाला घेऊन एखाद्या मैफलीला, नाटकाला किंवा व्याख्यानाला जा. त्याला पुढे सतरंजीवर बसवा. त्याला कंटाळा आला तर येऊ द्या. कंटाळ्याच्या पलीकडेच ऐकणे सुरू होते. आपण सोबत बसा, दारात सोडून परत जाऊ नका. आईवडील मन लावून ऐकताना मूल पाहते, तेव्हा पुढे सांगावे लागत नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, आपण शाळेला संगणक दिले, इमारतीला मजला दिला. शाळा कृतज्ञ आहे. आता आपल्या घरची एक संध्याकाळ द्या. सदनिकेतल्या दिवाणखान्यातही वीस माणसे मावतात. एक तंबोरा, किंवा कुणाचे वाचन, आणि पाच-सात विद्यार्थी, एवढ्यावर बैठक भरते. विद्यापीठ विद्वान आणील, सरकार स्मारके उभारील. श्रोता मात्र घराघरातच घडवावा लागतो.

आपल्या मुलांपैकी किती जण गायक-कवी होतील, ते मी सांगू शकत नाही. आमच्या हातून समजदार श्रोते आणि चांगले शेजारी घडले, तरी ही शाळा आपले काम चोख करते आहे, असे मी मानीन. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी शाळेच्या सभागृहात पहिली बैठक आहे. सतरंज्या आम्ही अंथरून ठेवू. आपण मुलांना घेऊन वेळेवर यावे, ही नम्र विनंती.